फौजदारी कोर्टात पहिल्यांदा जाताय? शिवाजीनगर कोर्टात कोण कोणाचं काम करतं आणि केस पायरी-पायरीने कशी पुढे सरकते

२०१९ मध्ये कोथरूडला सकाळी फिरायला गेलेल्या आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र बाईकवरच्या दोघांनी हिसकावून नेलं. तेव्हापासून निकाल लागेपर्यंत जवळजवळ पाच वर्षं मी तिच्याबरोबर पोलीस स्टेशन, येरवडा जेल आणि शिवाजीनगर कोर्ट अशा फेऱ्या मारल्या. आमच्या घरात कोणी वकील नाही, पोलिसात कोणी नाही, त्यामुळे जे कळलं ते विचारून विचारून आणि बऱ्याचदा चुकीच्या माणसाला विचारून कळलं. कोर्टात प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं आणि ज्याचं काम नाही त्याला विचारलं की अख्खा दिवस जातो, हे समजायलाच आम्हाला वर्ष लागलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. मी वकील नाही, तुमच्या केसमध्ये नेमकं काय करायचं ते तुमच्या वकिलालाच विचारा, पण निदान काय विचारायचं ते इथे कळेल.

आधी कायद्याचं एक सांगते नाहीतर पुढे गोंधळ होतो. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता, सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि एव्हिडन्स ॲक्टच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना आयपीसीचीच कलमं लागतात, म्हणून कोर्टात अजून दोन्ही आकडे ऐकू येतात. वकील तर सवयीने जुनेच बोलतात, "४१ए ची नोटीस", "३१३ चं स्टेटमेंट" वगैरे. मी खाली नवीन कलमं देतेय (सगळी नागरिक सुरक्षा संहितेची), गरज असेल तिथे जुनंही.

केस नक्की कोणाची असते

हे सगळ्यात आधी डोक्यात बसवा. तुम्ही फिर्याद दिली तरी फौजदारी केस तुमची नसते, ती राज्याची असते. म्हणून कागदावर "महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक" असं असतं आणि तुम्ही त्यात एक साक्षीदार असता, बहुतेक वेळा साक्षीदार क्रमांक एक. म्हणजे सरकारी वकील हे तुमचे वकील नाहीत. ते राज्यातर्फे उभे असतात, तुम्ही सांगाल तसं ते चालवणार नाहीत, आणि त्यांनी तसं करूही नये असं कायद्याला अपेक्षित आहे, कारण काहीही करून शिक्षा लावणं हे त्यांचं काम नाही, खरं काय ते कोर्टापुढे आणणं हे काम आहे. मला हे माहीत नव्हतं. पहिल्या तारखेला मी त्यांच्यामागे फाइल घेऊन फिरले आणि त्यांनी दोन मिनिटंही दिली नाहीत म्हणून घरी येऊन रडले. नंतर बघितलं की त्यांच्या टेबलावर त्या एका दिवसात तसल्या कितीतरी फायली होत्या.

यातून दुसरी गोष्ट येते, की "मी केस मागे घेतो" असं फिर्यादीला म्हणता येत नाही. काही गुन्हे कलम ३५९ च्या यादीत आहेत, म्हणजे साधी मारहाण, काही प्रकारची फसवणूक वगैरे, त्यात तडजोड होऊ शकते, काहींना कोर्टाची परवानगी लागते. यादीबाहेरचा गुन्हा असेल तर दोन्ही बाजू राजी असल्या तरी मुंबई हायकोर्टात कलम ५२८ खाली एफआयआर रद्द करायला अर्ज करावा लागतो (जुनं ४८२) आणि गंभीर गुन्ह्यात हायकोर्ट सहसा ते करत नाही. पुण्याचं हायकोर्ट म्हणजे मुंबईच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं पण त्यात पुणे जिल्हा नाही.

तुम्हाला स्वतःचा वकील लावायचा असेल तर लावता येतो, पण तो कोर्टाच्या परवानगीने सरकारी वकिलांना मदत करतो, त्यांची जागा घेत नाही. साध्या केसमध्ये गरज नसते. जिथे कागदपत्रं खूप आहेत, फसवणुकीची केस आहे, किंवा बाईवरच्या अत्याचाराची केस आहे आणि जामिनाला जोरदार विरोध करायचाय, तिथे मात्र खरंच उपयोग होतो.

कुठलं कोर्ट

पुण्यात "शिवाजीनगर कोर्ट" म्हणतात त्या आवारात जिल्हा व सत्र न्यायालय आहे आणि त्याच आवारात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची म्हणजे जेएमएफसी कोर्टंही आहेत. मेट्रोने जात असाल तर जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरा, दोन्ही मार्गिका तिथेच मिळतात, आणि गाडी आणू नका, पार्किंगमध्येच पुकारा निघून जाईल. कॅम्पात लष्कर कोर्ट आहे (सैन्याचं नव्हे, साधंच), खडकीला आहे, पिंपरीला आहे, आणि वडगाव मावळ, राजगुरुनगर, बारामती अशी तालुक्याची वेगळी. प्रत्येक पोलीस स्टेशनला ठरलेलं कोर्ट असतं, ते कुठलं हे पोलीस स्टेशनमध्येच विचारून घ्या. कौटुंबिक न्यायालय वेगळ्या इमारतीत आहे, तिथे फौजदारी काही नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर आरोप असेल तर ते प्रकरण येरवड्याला बाल न्याय मंडळापुढे जातं.

कोणाला किती शिक्षा देता येते त्यावर कोर्ट ठरतं. जेएमएफसी जास्तीत जास्त तीन वर्षं, चीफ ज्युडिशियल मॅजिस्ट्रेट सात वर्षं, आणि सत्र न्यायालय कायद्यात असेल ती कुठलीही, फक्त फाशी दिली तर हायकोर्टाने कायम केल्याशिवाय ती अंमलात येत नाही. खून, बलात्कार असल्या केसेसचं चार्जशीट आधी मॅजिस्ट्रेटकडेच जातं आणि तिथून सेशन्सला म्हणजे सत्र न्यायालयाला "कमिट" होतं, म्हणजे पाठवलं जातं, त्यामुळे पहिल्या दोन-तीन तारखा खालच्या कोर्टात लागल्या म्हणून घाबरू नका. पॉक्सो (मुलांवरचे लैंगिक अत्याचार), मोक्का (संघटित गुन्हेगारी), एनडीपीएस (अमली पदार्थ), लाचलुचपत यांना विशेष न्यायाधीश असतात. चॅप्टर केस ही गोष्ट मात्र कोर्टातली नाहीच, शांतता राखण्याचा बाँड घ्यायचा तो प्रकार, आयुक्तालयाच्या हद्दीत तो एसीपींसमोर चालतो.

पोलीस स्टेशन

दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो, सुप्रीम कोर्टाने २०१३ च्या ललिताकुमारी निकालात ते स्पष्ट केलंय. आता कलम १७३ प्रमाणे हद्दीबाहेरच्या पोलीस स्टेशनलाही झिरो एफआयआर देता येतो, ऑनलाइन दिला तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांना वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते, तेव्हा "चौकशी चालू आहे" हे उत्तर प्रत्येक वेळी टाळाटाळच असतं असं नाही, पण चौदा दिवस मोजा. अदखलपात्र असेल तर एनसी होते, त्यात कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत.

एफआयआर घेतलाच नाही तर लेखी तक्रार डीसीपींकडे (ग्रामीण असेल तर एसपींकडे) पाठवा, पोच ठेवा, तरी नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे कलम १७५(३) चा अर्ज, ज्याला अजून सगळे "एकशेछप्पन तीन" म्हणतात. आधीच्या दोन पायऱ्या केल्याशिवाय गेलात तर अर्ज तिथेच अडकतो, म्हणून पोच फार महत्त्वाची.

फिर्याद सही करण्याआधी संपूर्ण वाचा. खरंच वाचा, मागे लाईन लागली असली तरी. आईच्या फिर्यादीत बाईक "काळ्या रंगाची" लिहिली होती, तिने "गडद रंगाची" सांगितलेलं, तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतलं म्हणून बरं, नाहीतर चार वर्षांनी उलटतपासात त्या एका शब्दावर अर्धा तास गेला असता. एफआयआरची प्रत फुकट मिळते, गुन्हा रजिस्टर नंबर आणि तपासी अधिकाऱ्याचं नाव, हे दोन लिहून ठेवा. नंतर पोलीस जो जबाब घेतात (कलम १८०, जुनं १६१) त्यावर तुमची सही नसते, तशी घेतली जात नाही, त्यामुळे तो वाचून दाखवायला सांगा. आणि हे बऱ्याच बायकांना माहीत नसतं, जबाबासाठी बाईला पोलीस स्टेशनला यायची सक्ती करता येत नाही, राहत्या घरी येऊन घ्यावा लागतो. साठ वर्षांवरच्यांनाही तेच. तपास कुठवर आलाय हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं असं नवीन कायद्यात आहे, नाही कळवलं तर लेखी विचारा.

तुमच्या घरातल्या माणसाला अटक झाली असेल तर

आत्तापर्यंत फिर्यादीच्या बाजूने लिहिलं, पण कोर्टाच्या व्हरांड्यात जास्त गर्दी आरोपींच्या घरच्यांचीच असते आणि त्यांना कोणी काही सांगत नाही. एक बाई डबा घेऊन सकाळपासून उभ्या होत्या, मुलाला "एमसीआर झाला" म्हणून कोणीतरी सांगितलं आणि तो सुटला असं समजून त्या गेटपाशी जाऊन वाट बघत बसल्या. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, म्हणजे येरवडा. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी. इतकं साधं पण सांगणारं कोणी नव्हतं.

तर बघा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात लगेच अटक करायलाच पाहिजे असं नाही, आधी कलम ३५(३) ची (जुनं ४१ए) नोटीस येऊ शकते, तेव्हा बोलावलं की हजर राहायचं, टाळलं तर अटकेला कारण मिळतं. अटक केली तर कारणं सांगावी लागतात, घरच्यांना कळवावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही, अगदी अपवाद सोडून आणि तेही मॅजिस्ट्रेटच्या परवानगीने, महिला अधिकाऱ्याकडून.

पहिल्या रिमांडला (कोठडी द्यायची का हे ठरतं त्या सुनावणीला) वकील असणं फार महत्त्वाचं आहे. वकील परवडत नसेल तर कोर्टालाच सांगा, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये कसाबच्या निकालात म्हटलंय की पहिल्यांदा हजर केल्यावर आरोपीला वकिलाचा हक्क आहे आणि नसेल तर सरकारी खर्चाने मिळेल हे सांगणं मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टाच्या आवारातच आहे, हेल्पलाइन १५१००. बायका, मुलं, एससी-एसटी आणि कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्नाची अट नाही. मोफतचा वकील म्हणजे कामचुकार असा समज आहे तो मी बघितलेल्या अनुभवावरून तरी चुकीचा आहे, आमच्याच कोर्टात एक विधी सेवेच्या मॅडम होत्या, त्यांच्या उलटतपासाला सगळे थांबून ऐकायचे.

पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवस, पण नव्या कायद्यात ती एकदम न घेता पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्या-तुकड्याने मागता येते. गुन्ह्याप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत चार्जशीट आलं नाही तर जामीन हा हक्क होतो, फक्त तो मागावा लागतो, अर्ज करण्याआधी चार्जशीट दाखल झालं की हक्क गेला. म्हणून एकसष्टाव्या किंवा एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळी वकील कोर्टात हवा.

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हक्काने मिळतो. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नाही, तो कोर्टाच्या मर्जीवर असतो, आधी मॅजिस्ट्रेट, मग सेशन्स, मग हायकोर्ट. अटकेची भीती असेल तर अटकपूर्व जामीन सेशन्स किंवा हायकोर्टात, कलम ४८२ (हो, जुन्या कायद्यात ४८२ म्हणजे वेगळंच काही होतं, त्यामुळे वकिलांचाही गोंधळ होतो). अर्ज टाकला की त्यावर सरकारी वकिलांचा आणि तपासी अधिकाऱ्याचा "से" मागवतात, से म्हणजे त्यांचं लेखी म्हणणं, तो आला नाही म्हणून तारीख पुढे जाते. अशा वेळी न्यायाधीशांवर चिडण्यात अर्थ नाही, पोलीस स्टेशनला जाऊन से पाठवला का ते बघा.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस त्या मिनिटाला सुटत नाही. जामीनदार लागतो, त्याची आधार, रेशन कार्ड, पगाराची स्लिप किंवा घराची टॅक्स पावती, सातबारा, कधी तहसीलदारांचं सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट. मग बाँड, मग सुटकेचा आदेश जेलला पोचला पाहिजे. आवारात काही लोक "जामीनदार देतो" म्हणून पैसे घेऊन भाड्याचा माणूस उभा करतात, त्यांच्या नादी अजिबात लागू नका, कागद खोटे निघाले तर जामीन रद्द होतो आणि वर नवीन गुन्हा. जामीनदार मिळतच नसेल तर वकिलाला रोख जामीन किंवा जातमुचलक्यासाठी (जामीनदाराशिवाय, स्वतःच्याच हमीवर सुटका) अर्ज करायला सांगा. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही तर तो माणूस गरीब आहे असं धरून जातमुचलक्यावर सोडायची तरतूद आहे. सुटल्यावर प्रत्येक तारखेला हजर राहायचं, जमणार नसेल तर वकिलाकडून गैरहजेरी माफीचा अर्ज, नाहीतर वॉरंट निघतं.

वकील

वकील निवडताना एकच विचारा, की या प्रकारच्या केसेस तुम्ही या कोर्टात चालवता का. दिवाणी आणि फौजदारी वेगळी कामं आहेत, नात्यातले चांगले दिवाणी वकील फौजदारी उलटतपासात चांगले असतीलच असं नाही. फी पायरीप्रमाणे ठरवून घ्या, जामिनाची वेगळी, ट्रायलची वेगळी, आणि पावती मागा. "सुटलात तरच पैसे" किंवा टक्केवारीवर फी घेणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. "साहेबांना सांगून करून देतो" असं म्हणणाऱ्याकडून उठून या. वकील बदलायचा हक्क तुम्हाला आहे, आधीच्यांकडून ना हरकत घ्या, आणि फी बाकी आहे म्हणून तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे जाते.

चार्जशीटनंतर, आणि कोर्टरूममध्ये कोण कोण

चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्र दाखल झालं की केसला नंबर पडतो, आरसीसी, एससीसी, सेशन्स केस असा. त्याबरोबर सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर मिळतो, पुण्याचा एमएचपीयू ने सुरू होतो, तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि काय काम आहे ते दिसतं. हा नंबर मिळाल्यापासून आमच्या निम्म्या फेऱ्या वाचल्या. आरोपीला चार्जशीटची प्रत मिळते, मग तो "डिस्चार्ज" म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून मुक्तता मागू शकतो, नाही मिळाला तर दोषारोप निश्चित होतात, आरोपीला वाचून दाखवतात आणि "गुन्हा कबूल आहे का" विचारतात. बहुतेक नाही म्हणतात. मग पुरावा सुरू होतो.

कोर्ट साधारण अकराला बसतं, तुम्ही साडेदहाला या, दाराबाहेर लावलेला बोर्ड बघा, आपला अनुक्रमांक लिहून घ्या. आत समोर न्यायाधीश, त्यांच्या खाली बेंच क्लार्क आणि स्टेनो. पुढची तारीख, कागद दाखल झाला का, रोजनाम्यात (त्या दिवशी केसमध्ये काय झालं त्याची नोंद) काय लिहिलं, हे बेंच क्लार्कना विचारायचं, पण सुनावणी चालू असताना नाही, थोडं थांबून. दाराशी पट्टेवाला नाव पुकारतो, लांब बसलात तर ऐकू येत नाही, तेव्हा व्हरांड्याच्या टोकाला जाऊन चहा पिऊ नका. पोलिसांपैकी एक जण पैरवीला असतो, आपल्या स्टेशनच्या केसेसचे कागद, साक्षीदारांची समन्स आणि मुद्देमाल कोर्टात आणायचं काम त्याचं. खरं सांगू का, साक्षीदारासाठी कोर्टातला सगळ्यात उपयोगाचा माणूस तोच. त्याचा नंबर घ्या, आदल्या दिवशी फोन करा, "उद्या साहेब आहेत ना, आमची साक्ष होणार ना" एवढं विचारा. आम्हाला हे कळायच्या आधी आई तीन वेळा नुसती जाऊन बसून परत आली, एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा आरोपीच आणला नाही, एकदा आरोपीच्या वकिलांनी तारीख मागितली.

जेएमएफसी कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता असतात, सगळे एपीपी म्हणतात, सेशन्सला सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी वकील, आणि मोठ्या प्रकरणात सरकार विशेष सरकारी वकील नेमतं. तपासी अधिकारी तपास करतो आणि शेवटी स्वतः साक्ष देतो. पंच म्हणजे पंचनामा करताना हजर असलेली तिऱ्हाईत माणसं. तुम्हाला कोणी पंच व्हायला बोलावलं तर नाही म्हणू नका, पण जे बघितलं नाही त्यावर सही करू नका.

साक्ष

साक्षीच्या दिवशी अर्धा तास आधी एपीपींना भेटून आपली फिर्याद वाचायला मागा, स्मरण ताजं करायला वाचण्यात गैर काही नाही. पाठांतर मात्र करू नका, ते लगेच कळतं.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं की शपथ. ग्रंथावर हात वगैरे काही नसतं, ईश्वरसाक्ष किंवा गांभीर्यपूर्वक खरं सांगेन एवढंच. मग एपीपी विचारतात ती सरतपास, त्यात तुम्ही तुमच्या शब्दांत काय घडलं ते सांगायचं. न्यायाधीश ते ऐकून स्टेनोला सांगतात, म्हणून एक वाक्य बोलून थांबा. बघायचं न्यायाधीशांकडे, बोलताना "साहेब" किंवा "मॅडम" म्हटलं तरी चालतं. आईला उभं राहून त्रास होत होता, तिने सांगितल्यावर लगेच खुर्ची दिली.

आमचं मंगळसूत्र एका सराफाकडून जप्त झालं होतं आणि केस चालू असतानाच आम्ही मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून सुपुर्दनाम्यावर घरी आणलं होतं. हा अर्ज नक्की करा, नाहीतर वस्तू पोलीस स्टेशनच्या मुद्देमाल कक्षात वर्षानुवर्षं पडून राहते. खरेदीची पावती किंवा जुने फोटो लागतात, वस्तूचे फोटो आणि वजनाचा पंचनामा होतो, बाँड द्यायचा आणि कोर्ट म्हणेल तेव्हा ती जशीच्या तशी हजर करायची. तर साक्षीच्या दिवशी आईने ते स्टीलच्या डबीतून काढून टेबलावर ठेवलं. एपीपींनी विचारलं, हे तुमचंच कशावरून? तिने डावी वाटी उलटी करून दाखवली, तिच्या कडेला एक बारीक पिवळट ठिपका आहे, माझ्या लग्नाच्या आधी वाटी निखळली होती तेव्हा सराफाने डाग दिला होता, तो. न्यायाधीशांनी स्वतः हातात घेऊन खिडकीकडे धरून बघितलं आणि तसंच्या तसं लिहून घेतलं. वस्तूला आर्टिकल नंबर पडला. तुमची वस्तू असेल तर अशी एखादी खूण आधीच आठवून ठेवा आणि ती फिर्यादीतही येऊ द्या.

मग उलटतपास. आरोपीचे वकील तुमचे शत्रू नाहीत, शंका दाखवणं हेच त्यांचं काम आहे, उद्या आपल्या घरचा माणूस खोट्या केसमध्ये अडकला तर आपल्याला असाच वकील लागेल. ते दोन प्रकारे विचारतात. एक, "हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का? मग जबाबात का नाही?" याला ओमिशन म्हणतात, सांगितलं असेल तर "सांगितलं होतं, का लिहिलं नाही मला माहीत नाही" एवढंच म्हणा. दुसरं, "तुम्ही पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देताय", त्याला नुसतं "खरं नाही" म्हणायचं, आणि लिहिताना ते "असे म्हणणे खरे नाही की" असं येतं. चिडू नका, भाषण देऊ नका. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, दिसलं नसेल तर दिसलं नाही म्हणा. प्रश्न कळला नाही तर परत विचारायला सांगा. सही करण्याआधी साक्ष वाचून बघा, चूक असेल तर तेव्हाच सांगा.

आईला ओळख परेडवर धरलं. परेड येरवडा जेलमध्ये झाली होती, दंडाधिकाऱ्यांसमोर, आरोपींना त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या माणसांत उभं करून. वकिलांनी विचारलं, परेडच्या आधी पोलीस स्टेशनला तुम्हाला यांचा फोटो दाखवला होता का? आईने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, हो, मोबाईलवर दाखवला होता. एपीपींचा चेहरा उतरलेला मला दिसला. पण तेच खरं होतं, आणि ती दुसरं काही बोलली असती तर मला ते आवडलं नसतं.

साक्षीदाराला धमकी येत असेल तर साक्षीदार संरक्षणाचा अर्ज सरकारी वकिलांमार्फत करता येतो, आणि मुलांच्या किंवा लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये साक्ष बंद कोर्टात होते, पडद्याआडून किंवा व्हिडिओवरही घेतात, ते मागून घ्या. त्या केसेसमध्ये महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्यही मिळतं, विधी सेवा प्राधिकरणात विचारायचं.

त्यानंतर

सगळे साक्षीदार झाले की आरोपीला पुराव्याबद्दल प्रश्न विचारतात (कलम ३५१, जुनं ३१३), ते शपथेवर नसतं आणि गप्प राहिला तरी चालतं. मग युक्तिवाद, मग निकाल. युक्तिवाद संपल्यावर सेशन्समध्ये तीस दिवसांत, कारण नोंदवून पंचेचाळीस दिवसांत निकाल द्यावा असं नवीन कायदा म्हणतो.

आमच्या केसमध्ये दोघंही सुटले. जप्तीचा पंच फितूर झाला आणि परेड फोटोमुळे निरुपयोगी ठरली, म्हणजे हिसकावणारे हेच दोघे हे वाजवी शंकेपलीकडे सिद्ध झालं नाही. सुरुवातीला मला फार राग आला होता. मग नक्कल विभागात अर्ज करून निकालपत्राची प्रत घेतली आणि दोन वेळा वाचली, आईवर न्यायाधीशांनी अविश्वास दाखवलेला नाही, उलट तिची साक्ष प्रामाणिक आहे असं लिहिलंय, तपासातली चूक मात्र पोटात घातलेली नाही. निकाल तुमच्या बाजूने लागो किंवा विरुद्ध, ही प्रत घ्याच, ऐकीव माहितीवर अपील करू नका.

शिक्षा झालेल्याला अपिलाची मुदत जेएमएफसीच्या निकालावर सेशन्सला तीस दिवस, सेशन्सच्या निकालावर हायकोर्टात साठ दिवस. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल तर अपील करेपर्यंत तेच कोर्ट शिक्षा स्थगित करून जामीन देऊ शकतं, त्यासाठी निकालाच्या दिवशी जामीनदार बरोबर ठेवा. आरोपी सुटला तर पीडित व्यक्तीलाही स्वतः अपील करता येतं, त्याला सरकारची परवानगी लागत नाही. आम्ही केलं नाही, आई म्हणाली आता बास.

निकालपत्राच्या अगदी शेवटी मुद्देमालाचा आदेश असतो तो जरूर वाचा. आमच्यात लिहिलं होतं की मंगळसूत्र फिर्यादीकडे कायम ठेवावं आणि सुपुर्दनामा अपिलाची मुदत संपल्यावर रद्द समजावा. म्हणजे तोपर्यंत ते मोडायचं नाही, वितळवायचं नाही, कोणाला द्यायचं नाही. आईने कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवली होती. ती मुदत उलटून गेल्यावरच आम्ही लक्ष्मी रोडला गेलो, तुटलेली साखळी मोडीत दिली, आणि त्याच दोन वाट्या नवीन काळ्या मण्यांत ओवून घेतल्या.